टेकूबाईची सही

सकाळी साडेसहाला फोन वाजायचा आणि टेकूबाई तो चपला घालूनच उचलायची. आधी चपला, मग फोन. पलीकडून कुठल्या तरी शाळेचा कारकून विचारणार, "बाई, आज जमेल का?" आणि तिने "हो, निघालेच" म्हटलं की ते खोटं ठरायला नको. एका हातात चहा, दुसऱ्या हातात फोन, खांद्याला पिशवी, नजर घड्याळावर. घरात खुर्च्या चार, पण सकाळच्या वेळी त्यातल्या एकीवर तिला बसलेलं गेल्या पाच वर्षांत कुणी पाहिलं नव्हतं.

टेकूबाई हे नाव पोरांनी ठेवलेलं. घराचा खांब दुरुस्तीला काढला की खाली बांबू लावतात, तसं एखादी बाई आजारी पडली, कुणाचं लग्न निघालं, कुणी बाळंतपणाला गेलं, की तिच्या वर्गाला ही लावायची. बदली शिक्षिका असं कागदावर म्हणतात. कागदावर काय, काहीही म्हणतात.

"आज कुणाची बाई?" सासूबाई आतून विचारायच्या. त्यांनी चाळीस वर्षं इस्पितळात नर्स म्हणून काढलेली, जीभ सुईसारखी.

"पुलापलीकडच्या शाळेत. विज्ञान."

"विज्ञान येतं तुला?"

"दुपारपर्यंत येईल, आई."

पाच शाळा होत्या तिच्या. पाच घंटा, पाच प्रकारचे फळे, पाच शिक्षक-खोल्या, आणि प्रत्येक शिक्षक-खोलीत एक खुर्ची अशी, की तिच्यावर बसलं की कुणीतरी दारातून म्हणणार, "अहो, ती आमच्या चित्रकलेच्या सरांची हं." म्हणून ती उभी राहायची. डबा उभ्याने, वह्या उभ्याने. वर्गातसुद्धा शिक्षकाच्या खुर्चीला पाठ लावायची नाही. खुर्ची मालकाची, आपण राखणीला.

पण तिच्या हातात एक कसब होतं, आणि त्याचा तिला मनातल्या मनात भलता माज होता. ती कुणाचंही अक्षर काढायची.

त्याला कारण घडलं होतं. बदलीच्या दुसऱ्याच वर्षी एका शाळेत तिने स्वतःच्या अक्षरात वह्या तपासल्या. झालं! आठ पालक दारात. "वहीत दोन-दोन हातांची अक्षरं! आमच्या मुलांना नक्की शिकवतंय कोण?" त्या शाळेचा फोन नंतर सहा महिने आला नाही. तेव्हापासून टेकूबाई कुठल्याही वर्गात गेली की आधी जुन्या वह्या उघडायची. या बाईंची बरोबरची खूण आखूड की शेपटीवाली? शेरा तिरका की सरळ? सही करताना शेवटची रेघ वर उडते की खाली लोळते? दोन दिवसांत हात बसायचा. पिशवीत पेनंच अकरा. लाल चार प्रकारचं, हिरवं दोन, एक जांभळं. ते पलीकडच्या शाळेतल्या इतिहासाच्या सरांसाठी, त्यांना लाल रंग अपशकुनी वाटायचा. रजेवरून परत आलेल्या बाई वही उघडायच्या आणि चकित व्हायच्या. "अगं, मी रजेवर होते की नव्हते, मलाच कळेना!" टेकूबाई लाजून हसायची. आमच्या धंद्यात याहून मोठं प्रशस्तिपत्र नाही, असं नवऱ्याला सांगायची. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. तो म्हणायचा, "आमच्यातही तसंच. माणसं सुखरूप उतरली की मेकॅनिकला कोण विचारतं?"

आता कंपासबाईंकडे येऊ.

टेकडीखालच्या शाळेत सातवीला गणित शिकवणाऱ्या या बाई. वय छप्पन्न. फळ्याचा लाकडी कंपास हातात घेऊनच शाळाभर फिरायच्या, त्यामुळे नाव शोधायला पोरांना फार त्रास पडला नाही. दर सोमवारी "आता पुरे झालं बाई, सोडते" म्हणायच्या आणि दर मंगळवारी पुन्हा यायच्या. एका मंगळवारी कपाटावरचा मोठा कोनमापक काढायला स्टुलावर चढल्या. स्टुलाचे पाय चार, त्यातला एक निवृत्त झालेला. बाई कोनमापकासकट खाली. मांडीचं हाड गेलं.

तीन महिने रजा. साडेसहाचा फोन टेकडीखालून आला आणि टेकूबाई गेली.

पहिल्याच दिवशी हेडसरांनी तिला आत बोलावलं. हेडसर म्हणजे सडपातळ, नीटनेटका माणूस. टेबलावर तीन शिक्के उंचीप्रमाणे उभे करून ठेवणारा. तिला त्यांनी नीट निरखलं.

"आपण यापूर्वी आमच्याकडे आला आहात का?"

"सर, नऊ वेळा."

"असं? वाटत नाही." मग आवाज खाली आणून म्हणाले, "हे बघा, बाई परत येतील असं काही दिसत नाही. त्या स्वतःच सोडण्याच्या गोष्टी करतात. जागा रिकामी झाली तर भरायचीय. अर्ज देऊन ठेवा. वर्ग कसा चालतो यावर माझं लक्ष राहील."

अर्ज तिने त्याच दुपारी दिला. आणि तेव्हापासून तिचं चित्त स्थिर होईना. पाच वर्षांत पहिल्यांदाच एक वर्ग समोर आला होता, जो उद्याही आपलाच असणार होता आणि परवाही. कायमची जागा. एक फळा, एक खुर्ची, एकच घंटा. जेवताना ती मध्येच उठायची, परत बसायची, परत उठायची.

"अगं, पोळीला पाय फुटलेत की तुला?" सासूबाई म्हणायच्या.

"आई, ते बघतायत."

"कोण?"

"हेडसर. वर्गावर लक्ष आहे त्यांचं."

"मग त्यांना बघू दे. तू भात खा."

सातवीत एक्केचाळीस मुलं. रोज संध्याकाळी वह्यांचा गठ्ठा पिशवीत घालून ती घरी न्यायची आणि स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभी राहून तपासायची. कंपासबाईंचं अक्षर टपोरं, डावीकडे झुकलेलं; सही म्हणजे एक गोल आणि त्यातून बाहेर पळालेली रेघ. दोन दिवसांत हात बसला. पण कंपासबाई वहीत फार काही लिहायच्या नाहीत. बरोबरची खूण, चुकीची फुली, गोल, रेघ, संपलं. टेकूबाईला ते जमेना. समोर चूक दिसली की पेन थांबायचं नाही. समासात ती लिहीत सुटायची, अर्थात कंपासबाईंच्या अक्षरात: "इथपर्यंत बरोबर आलीस, मग घाई का केलीस?" "हे उत्तर बघ आणि स्वतःलाच विचार, वर्गात पावणेतीन मुलं कशी असतील?" कुणाला लिहायची, "त्रिकोणाच्या तीन कोपऱ्यांची गंमत पुढच्या आठवड्यात कागद फाडून दाखवेन." कुणाला, "अपूर्णांकांची भीती वाटते ना? आपण दोघी मिळून घालवू." वह्या परत मिळाल्या की पोरं आधी समास वाचायची आणि मग गणित.

दोन महिने गेले. एका सकाळी हेडसरांनी सातवीच्या वह्या मागवल्या. एक्केचाळीसच्या एक्केचाळीस.

टेकूबाईने तो दिवस कसा काढला ते तिचं तिला ठाऊक. जिन्यावरून चार वेळा वर, पाच वेळा खाली. हेडसरांच्या खोलीच्या काचेतून त्यांचं डोकं दिसायचं, खाली वाकलेलं, एकेक पान उलटताना. एकदा ते हसले. देवाशप्पथ हसले! तिला वाटलं, आता झालं. आता बोलावतील.

त्यांनी एकटीला नाही, सगळ्यांनाच बोलावलं. मधल्या सुट्टीत शिक्षक-खोलीत अठरा माणसं, हातात डबे. हेडसर उभे राहिले. हातात सातवीची एक वही.

"आज मला तुम्हाला कर्तव्य म्हणजे काय ते दाखवायचंय," ते म्हणाले. "आपल्या गणिताच्या बाई. पाय प्लास्टरमध्ये. आणि त्या अवस्थेत त्यांनी घरी बसून दोन महिने या वर्गाच्या सगळ्या वह्या तपासल्यायत! नुसत्या तपासल्या नाहीत, समास वाचा. मी तीस वर्षांत असे शेरे पाहिले नाहीत. आपला शिपाई सांगतो, रोज संध्याकाळी वह्यांचा गठ्ठा शाळेबाहेर जातो. कुठे जातो ते आज कळलं." मग त्यांना टेकूबाई दिसली. "आणि ते गठ्ठे पोचवण्याचे श्रम आपल्या या बदलीच्या बाईंनी घेतले, त्यांचेही आभार."

टाळ्या पडल्या. अठरा डबे बाजूला ठेवून. टेकूबाईनेही वाजवल्या, हात रिकामे होते, वाजल्या.

तिने तोंड उघडलं होतं बरं का. उघडून मिटलं. काय सांगणार? की सर, ती सही माझी? म्हणजे दुसऱ्याची, पण मी केलेली? आणि खरं सांगायचं तर, त्या गडबडीत क्षणभर तिच्या मनात एक निलाजरा आनंदही चमकून गेला. जमली होती सही. तीस वर्षं वह्या बघणाऱ्या हेडमास्तराला ओळखू आली नव्हती.

पुढचं वाक्य ऐकलं आणि तो आनंद जागच्या जागी विझला. "अशी माणसं सोडायची नसतात. मी बाईंना पत्र पाठवलंय, निवृत्तीपर्यंत थांबा म्हणून. संस्थेलाही लेखी कळवलंय."

घरी येऊन तिने सगळं सांगितलं, ओट्यापासून दारापर्यंत येरझारा घालत. नवऱ्याच्या हातातला स्क्रू-ड्रायव्हर तसाच राहिला. सासूबाईंनी मात्र मान डोलावली.

"म्हणजे तू आपल्या हातानं स्वतःच्या ताटातलं उचलून शेजारणीला वाढलंस."

"आई, मी मुद्दाम केलं का?"

"मुद्दाम करणारे शहाणे असतात गं. जा, सांगून ये."

"सांगितलं तर खोट्या सह्या केल्या म्हणून हाकलतील."

"आणि नाही सांगितलं तर?"

"तर जागाच नाही."

"मग हाकलून घे की. निदान पाय तरी एका जागी ठरतील."

टेकूबाई हेडसरांकडे गेली नाही. तेवढं धैर्य जमेना. ती कंपासबाईंकडे गेली, दुसऱ्याच दिवशी, शाळा सुटल्यावर.

बाई दिवाणखान्यात सोफ्यावर, पाय दोन उशांवर, केस विंचरलेले, चेहरा टवटवीत. त्यांचे यजमान सफरचंद कापत होते. टेबलावर हेडसरांचं पत्र, आणि ते उडू नये म्हणून वर चष्म्याचं घर.

"ये गं, ये! वाचलंस का हे? बस ना."

"उभीच बरी आहे. बाई, वह्या मी तपासल्या."

"मग मला काय माहीत नाही? मी काय झोपेत तपासते होय?"

"मग सरांना सांगा ना."

"सांगते की." कंपासबाईंनी सफरचंदाची फोड उचलली. "पण एक सांग, सही कुणाची आहे?"

टेकूबाईने टेबलावरच्या पत्राकडे पाहिलं.

"माझी ना? मग थोडं माझंही आहेच त्यात." आणि मग बाईंचा आवाज जरा वेगळा झाला. "चौतीस वर्षं झाली मला. इतक्या वर्षांत त्या माणसानं मला 'हजेरीपट सोमवारी द्या' यापलीकडे काही म्हटलं नाही. आता पत्र लिहिलंय. 'आपल्यासारख्या शिक्षिकेमुळे.' ह्यांनी सगळ्या नातेवाइकांना फोनवर वाचून दाखवलंय. मोठ्या नणंदेला तर दोनदा."

"तीनदा," यजमान म्हणाले.

"तू जरा चार दिवस चघळू दे मला."

"पण बाई, तुम्ही सोडणार होतात ना?"

"सोडणार होते. आता कशाला सोडू? आता तर कुठं माझं बरं चाललंय!"

टेकूबाईने सफरचंदाची फोडही घेतली नाही. रस्त्याने घरी येताना तिला वाटलं, भांडायला हवं होतं. कोपऱ्यावर आली तेव्हा वाटलं, बरं झालं भांडले नाही. दारात आली तेव्हा पुन्हा वाटलं, परत जावं. सासूबाईंनी दार उघडलं तर सून जिन्यात उभी, एक पाय वरच्या पायरीवर, एक खालच्या.

त्या संध्याकाळी तिने ठरवलं, आजपासून आपल्या अक्षरात. उद्या पोरं विचारतील, पालक विचारतील, हेडसर विचारतील. विचारू देत. पहिली वही उघडली. पेन टेकवलं. आणि अक्षर आलं ते टपोरं, डावीकडे झुकलेलं. खोडलं. दुसऱ्यांदा जोर लावून सरळ काढायला गेली तर आलं ते पुलापलीकडच्या विज्ञानाच्या बाईंचं, उभट आणि काटकुळं. तिसऱ्यांदा जांभळ्या शाईच्या सरांचं वळण आलं, तेही लाल पेनातून. तिने नवऱ्याला हाक मारली.

"माझं अक्षर कसं होतं रे?"

"म्हणजे?"

"लग्नाआधी तुला पत्रं लिहायचे. कसं होतं?"

"चांगलं होतं," तो म्हणाला. नवऱ्याचं उत्तर. काही उपयोगाचं नाही.

शेवटी वह्या जुन्याच हाताने तपासल्या, कारण पोरांना सकाळी द्यायच्या होत्या.

कंपासबाई ठरल्यापेक्षा दोन आठवडे आधी हजर झाल्या, हातात काठी आणि काखेत कंपास. हेडसरांनी फाटकापाशी फुलं दिली. टेकूबाईला कारकुनाने सांगितलं, "उद्यापासून नको हं, बाई. काही लागलं तर फोन करूच." एक्केचाळीस मुलांचा निरोप घ्यायला कुणी मध्ये पाच मिनिटंही ठेवली नव्हती. दुसऱ्या सकाळी ती पुलापलीकडे सहावीला भूगोल शिकवत होती. म्हणजे फळ्यावर वारे काढत होती आणि मनात हिशेब करत होती, की आज तिकडे दुसरा तास, आज त्रिकोणाचे कोपरे फाडायचे होते, कागद कोण आणेल, अपूर्णांकवालीला कुणी विचारेल का. वाऱ्यांचे बाण तिने दोनदा उलटे काढले. पोरं हसली. ती पण हसली आणि पुन्हा उलटे काढले.

पाचव्या दिवशी तास चालू असताना फोन थरथरला. कंपासबाई.

"ये इथं."

"बाई, मी वर्गावर आहे."

"मग सुटल्यावर ये. थेट ये. चहाबिहा घेत बसू नकोस." फोन बंद.

शेवटची घंटा होताच टेकूबाईने पिशवी उचलली. पूल तिने जवळजवळ पळतच ओलांडला. शाळा सुटलेली होती, पण सातवीच्या वर्गात कंपासबाई होत्या. खुर्चीवर बसलेल्या, काठी टेबलावर आडवी, समोर वह्यांचा ढीग आणि एक लांबलचक यादी.

"हे काय आहे?" बाईंनी यादी फडकावली.

"काय आहे?"

"वचनं! तू माझ्या नावानं दिलेली वचनं. एकोणीस! परवापासून पोरं वही घेऊन माझ्यासमोर उभी. 'बाई, तुम्ही लिहिलंय, कागद फाडून दाखवेन. दाखवा ना.' मी चौतीस वर्षांत कागद फाडलेला नाही. मी म्हटलं, पुस्तकात बघ. तर ती चष्मेवाली म्हणते, 'बाई, तुम्ही पुस्तकात बघू नका असं लिहिलंय.' आणि ही दुसरी! हिला म्हणे मी अपूर्णांकांची भीती दोघी मिळून घालवू म्हटलंय. ती रोज मधल्या सुट्टीत येऊन माझ्या शेजारी बसते. डबा घेऊन! मी कुठं जाऊ?"

टेकूबाईला हसू यायला लागलं आणि तिने ते ओठ चावून धरलं.

"हसू नकोस. काल एकानं विचारलं, बाई, तुम्ही आजारी होतात तेव्हा जास्त चांगल्या होतात, आता काय झालं?" कंपासबाईंनी चष्मा काढला. पुसला. परत घातला. "माझा पाय दुखतोय. आणि मला ही वही पुढे चालवता येणार नाही. चल."

"कुठं?"

"तुझ्या हेडसरांकडे. ते सहापर्यंत बसतात. हात दे."

एका हाताने काठी, एका हाताने टेकूबाईचा दंड, टेकूबाईच्या काखेत सातवीची एक वही, अशी वरात हेडसरांच्या दारात उभी राहिली. बाईंनी प्रस्तावना केली नाही. "सर, त्या वह्या मी तपासल्या नव्हत्या. हिनं तपासल्या. सह्यासुद्धा हिच्याच. मला पहिल्यापासून माहीत होतं. मी गप्प बसले, कारण मला बरं वाटत होतं."

हेडसरांचा चेहरा आधी कोरा झाला, मग लाल.

"मी संस्थेला लेखी कळवलंय!"

"मग परत लेखी कळवा."

"म्हणजे अडीच महिने माझ्या शाळेत खोट्या सह्या चालू होत्या?" आता ते टेकूबाईकडे वळले. "तुम्हाला काय वाटलं? कुणी सांगितलं होतं तुम्हाला?"

इतके दिवस जीभ टाळ्याला चिकटलेली, ती एकदम सुटली. "कुणी नाही, सर. वहीत दुसरं अक्षर दिसलं की पालक येतात. पालक आले की पुढचा फोन येत नाही. बदलीच्या बाईचं अक्षर कुणालाच नको असतं, म्हणून मी काढतच नाही. पाचही शाळांत काढत नाही. शेरे मात्र माझे आहेत. हात त्यांचा होता, म्हणणं माझं होतं."

"हे तुम्ही लिहिलंत याला पुरावा काय?"

ती टेबलाशी वाकली, कोरा कागद ओढला आणि कंपासबाईंच्या अक्षरात लिहिलं, "घाई करू नका, सर. आधी गणित पुन्हा वाचा." खाली गोल, गोलातून पळालेली रेघ.

हेडसरांनी वही शेजारी धरून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. राग कुठेतरी बाजूला सरकला आणि त्या जागी भलतंच कुतूहल येऊन बसलं. माणूसच तो.

"माझी येते?"

"सर?"

"सही. माझी."

आता इथे शहाण्या बाईने 'नाही' म्हणायचं असतं. टेकूबाईच्या हजेरीच्या चिठ्ठ्यांवर हेडसरांनी अडीच महिने सही केलेली. ती हाताला पाठ झालेली. तिने केली. एका झटक्यात, खालच्या दोन टिंबांसकट.

हेडसरांनी कागद उचलला, त्याच्या चार घड्या घातल्या आणि खिशात ठेवला. मग टेबलावरचे तिन्ही शिक्के एकेक करून ड्रॉवरमध्ये टाकले आणि ड्रॉवरला किल्ली लावली.

कंपासबाई खदखदून हसल्या. त्यांना उभ्या उभ्या हसवेना, म्हणून खुर्चीत बसल्या. "सर, हिला बाहेर सोडण्यापेक्षा घरात ठेवलेली बरी," त्या म्हणाल्या. "माझा राजीनामा उद्या देते. यावेळी खरंच देते. आज सोमवारही नाहीये."

"हसण्यावारी नेऊ नका," हेडसर म्हणाले, पण आवाजातली हवा गेली होती. टेकूबाईला म्हणाले, "तुमचा अर्ज आहे माझ्याकडे. संस्थेच्या समितीपुढे ठेवीन, आणि झालेलं सगळं सांगूनच ठेवीन. ते नाही म्हणाले तर मी काही करू शकणार नाही. हो म्हणाले तर एक वर्ष तपासणीवर. आणि या शाळेत तुम्ही जे लिहाल, ते स्वतःच्या अक्षरात. एक ओळ जरी दुसऱ्याच्या वळणाची दिसली तर बाहेर."

समितीने तीन आठवडे घेतले. त्या तीन आठवड्यांत टेकूबाईने काय काय केलं ते विचारू नका. फोन वाजला की दचकायची, वाजला नाही की तो बंद पडलाय का म्हणून नवऱ्याच्या फोनवरून स्वतःलाच लावून बघायची. सासूबाईंनी तिला एकदा चक्क खांद्याला धरून खुर्चीत बसवलं आणि मांडीवर शेंगांची परात ठेवली. सगळ्या शेंगा सोलून झाल्या तरी हिला कळलं नाही, टरफलंच सोलत बसली.

समितीत पाच जण. दोघं ठाम नको म्हणाले, तिघं हो. त्या तिघांतला एक तर सातवीच्या वह्या घरी वाचायला घेऊन गेला होता, असं शिपायाकडून कळलं. एका मताने बाई कायमची झाली. म्हणजे वर्षभराच्या तपासणीनंतर कायमची होण्याच्या रांगेत उभी राहिली. आता तेवढा फरक कोण बघतो? ती बघत होती.

पहिल्या दिवशी घंटेआधी कारकुनाने तिला बोलावलं. पुढ्यात नवंकोरं सेवापुस्तक उघडलेलं. नोकरीतल्या माणसाची जन्मापासूनची नोंद त्यात.

"बाई, इथं नमुना सही करा. तीन वेळा, एकाखाली एक."

तिने पेन घेतलं. केली. कारकून वाकून बघत होता. हा माणूस वीस वर्षं सह्याच बघत आलेला.

"बाई, तिन्ही एकाच माणसाच्या पाहिजेत."

तिने पाहिलं. पहिलीची शेवटची रेघ पळत होती. दुसरी काटकुळी. तिसरीखाली दोन टिंबं. तिने पुस्तक त्याच्याकडे सरकवलं. "दुसरं पान द्या."

"पानं मोजलेली असतात. खाडाखोड करून खाली करा. आणि सावकाश करा."

वर, बरोब्बर डोक्यावर, सातवीचा वर्ग. घंटा झाली तशी बाकं सरकायला लागली, कुणीतरी धावलं, काहीतरी पडलं. तिने डोळे मिटले. कुणाचीही वळणं नकोत म्हणून शाळकरी पोरीसारखं, एकेक अक्षर सुटं सुटं करत, पूर्ण नाव लिहिलं. आडनावासकट. रेघ नाही, गोल नाही.

"ही सही?" कारकून म्हणाला.

"हीच."

"ही परत येईल?"

तिने खाली तसंच पुन्हा लिहिलं. जीभ दातांत धरून. दुसरं नाव पहिल्यापेक्षा जरा खाली उतरलं होतं, पण बहीण वाटत होतं. कारकुनाने पुस्तक डोळ्यांजवळ नेलं, लांब नेलं, आणि मान हलवली. वर आता कुणीतरी टेबल वाजवत होतं, आणि एक्केचाळीस जण त्यावर गात होते.

टेकूबाईने पेन टाकलं आणि पिशवी उचलली.

"बाई! एक राहिली!" कारकून पुस्तक घेऊन दारापर्यंत आला. "अहो, तिसरी!"

"आले, आले," जिन्यावरून आवाज आला, आणि तो वर वर जात राहिला.